चर्चच्या शाळांना नियम लागतात की नाही? मिटिंगमधली डोकेफोड, सोप्या भाषेत

१ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने टीईटीबद्दल, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल निकाल दिला आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो धुरळा उडाला तो काही लवकर बसला नाही. कुणी म्हणे आता वीस वर्षं शिकवलेल्यांनापण परीक्षा, कुणी म्हणे मिशनच्या शाळेतले सुटले, त्यांना काहीच लागत नाही. तेव्हापासून चर्चच्या शाळांचे मॅनेजर, मुख्याध्यापक, फादर, सिस्टर, पास्टर, ट्रस्टी जिथे मिटिंगला बसतात तिथे चहा यायच्या आधी हा विषय निघतो. सोलापुरात अशा शाळांमध्ये शिकलेले लोक गल्लोगल्ली आहेत, पण या शाळा चालतात कशा, त्यांना कुठला नियम लागतो आणि कुठला नाही, हे विचारलं की दहापैकी नऊ जण "त्यांचं वेगळं असतं" एवढंच सांगतात. ते वेगळं म्हणजे काय, तेच बघू.

आधी, शाळा कुणाची?

"चर्चची शाळा" असं आपण एका शब्दात म्हणतो पण आत बरीच व्हरायटी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले, पुढे १८६० च्या दशकात सोलापुरात त्यांनी ठाणं केलं आणि शाळा काढल्या. त्यांच्या वोरोनोको शाळेचं नाव जुन्या सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. त्या मिशनची चर्चेस पुढे १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे सीएनआयमध्ये आली. कॅथलिक शाळांचं घर वेगळं, त्यातही काही शाळा थेट धर्मप्रांताच्या तर काही सिस्टर लोकांच्या संघाच्या, आणि त्यांची सोसायटी वेगळी रजिस्टर केलेली असते. म्हणजे बाहेरून क्रूस सारखाच दिसला तरी आत सही करणारा माणूस वेगळा.

दुसरा फरक पैशाचा. काही शाळा अनुदानित, म्हणजे मान्य झालेल्या शिक्षकांचा पगार सरकार देतं. काही विनाअनुदानित किंवा सेल्फ फायनान्स, म्हणजे फीवर चालणाऱ्या. बऱ्याचदा एकाच कंपाउंडमध्ये दोन्ही असतात, इकडे मराठी माध्यमाची जुनी अनुदानित शाळा, तिकडे इंग्लिश मीडियमची नवी बिल्डिंग, आणि इकडचा पट घसरतोय तर तिकडे ॲडमिशनला रांग. मिटिंगमधले निम्मे वाद तर या एका भिंतीवरून होतात.

अनुदानित शाळेचं गणित सोलापूरकराला चटकन कळेल असं सांगतो. जॉबवर्कचा पॉवरलूम घ्या. माग मालकाचा, शेड त्याची, कामगारपण त्यानेच ठेवलेला, पण सूत व्यापाऱ्याचं आणि मजुरीपण व्यापारीच देणार. मग टॉवेलची लांबी-रुंदी, वजन, काठ हे व्यापारी सांगणारच. पण शेडमध्ये फोरमन कोण असावा हे व्यापाऱ्याने सांगितलं तर मालक ऐकून घेईल का? सरकार आणि चर्चची अनुदानित शाळा यांच्यातलं भांडण बरोबर याच जागेवर असतं.

अल्पसंख्याक दर्जा म्हणजे काय मिळतं?

राज्यघटनेचं कलम ३० सांगतं की धर्माने किंवा भाषेने अल्पसंख्य असलेल्यांना आपल्या पसंतीची शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क आहे. त्याचंच पुढचं पोटकलम म्हणतं की संस्था अल्पसंख्याकांची आहे एवढ्यावरून अनुदान देताना सरकारने दुजाभाव करायचा नाही. "धर्माने किंवा भाषेने" हे नीट वाचा. सोलापुरात पूर्व भागातल्या तेलुगू लोकांना, अक्कलकोटकडच्या कन्नड लोकांना हाच हक्क भाषेवरून आहे. त्यामुळे हा काही फक्त ख्रिस्ती लोकांचा विषय नाही, या निकालांचा परिणाम तेलुगू, कन्नड, उर्दू शाळांच्या संस्थांवरपण तेवढाच होतो.

अल्पसंख्य कोण हे ठरवताना देश नाही, राज्य बघायचं, असं अकरा न्यायाधीशांच्या खंडपीठाने २००२ मध्ये टी.एम.ए. पै खटल्यात सांगितलं. म्हणून तेलुगू माणूस सोलापुरात भाषिक अल्पसंख्य, आणि तोच हैदराबादला गेला की नाही. ख्रिस्ती लोक नागालँड-मिझोराममध्ये बहुसंख्य, आपल्याकडे अल्पसंख्य.

बरं, हा हक्क म्हणजे मोकाट सुटायचं लायसन्स आहे का? तर नाही, आणि हे काही नवीन सांगत नाहीये, १९५८ मध्येच केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देताना सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की कारभार करायच्या हक्कात गैरकारभार करायचा हक्क येत नाही. शिक्षकाची पात्रता, अभ्यासक्रम, बोर्डाची परीक्षा, इमारतीची सुरक्षितता, शिक्षकांचे पगार आणि सेवाशर्ती यावर सरकार नियम करू शकतं. मॅनेजमेंटकडे राहतो तो मुख्य कारभार: नेमायचं कुणाला, शाळेचं वळण काय ठेवायचं, प्रमुख कोण.

मुख्याध्यापक कोण, यावर एवढी मारामारी का?

महाराष्ट्रात खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आहे, ज्याला सगळे एमईपीएस म्हणतात. साध्या संस्थेत मुख्याध्यापक साधारण सेवाज्येष्ठतेने होतो, म्हणजे यादीत जो वर तो. पण याच कायद्यात अल्पसंख्याक शाळेसाठी सूट आहे, मुख्याध्यापक आणि आणखी जास्तीत जास्त तीन जण यांच्या भरतीला हा कायदा लागू नाही, फक्त त्यांची नावं मॅनेजमेंटने शिक्षण संचालकांना कळवायची. मॅनेजमेंटने आपल्या विश्वासाचा माणूस प्रमुख म्हणून निवडणं हा कलम ३० चा गाभा आहे असं कोर्टांनीपण वेळोवेळी धरलंय, फक्त त्या माणसाकडे सरकारने ठरवलेली पात्रता पाहिजे.

आता कागदावर हे छान दिसतं. स्टाफरूममध्ये काय होतं बघा. पंचवीस वर्षं दहावीला गणित शिकवलेले सर, रिझल्ट त्यांच्या जिवावर, आणि खुर्चीवर येतात त्यांना ज्युनियर असलेले कुणीतरी, कारण ते चर्चचे किंवा सिस्टर लोकांच्या संघातले. सरांच्या मनात काय चालत असेल? कायद्याने मॅनेजमेंट बरोबर असेलही, पण सर शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करतात, फाईल अडते, मग संस्था हायकोर्टात जाते, आणि तोवर शाळा "प्रभारी" वर चालते. प्रभारीला सह्यांचे अधिकार मिळाले नाहीत तर पगारबिल अडतं, म्हणजे दोघांच्या भांडणात सगळ्या स्टाफचा हप्ता थकतो. माझं सरळ मत आहे की हक्क आहे म्हणून तो मुकाट्याने वापरायचा नसतो, निवड कशावर केली ते मॅनेजमेंटने लेखी ठेवावं, इच्छुकांना बोलवावं, मुलाखत घ्यावी. कायदा एवढं मागत नाही हे मान्य, पण निम्म्या केसेस तिथेच मिटतील.

आरटीई यांना लागतो का?

आरटीई म्हणजे २००९ चा शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. आपल्याला तो माहीत असतो तो २५ टक्के मोफत प्रवेशामुळे, पण त्यात बरंच आहे: मुलांची आणि पालकांची मुलाखत घेऊन प्रवेश द्यायचा नाही, मारायचं नाही, अमुक मुलांमागे अमुक शिक्षक, शाळा व्यवस्थापन समिती, आणि शिक्षकाची किमान पात्रता.

२०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही. मग ६ मे २०१४ ला प्रमाती खटल्यात पाच न्यायाधीशांनी त्यापुढे जाऊन सांगितलं की अनुदानित असो की विनाअनुदानित, कुठल्याच अल्पसंख्याक शाळेला लागू नाही. म्हणजे फक्त २५ टक्क्यांची अट गेली असं नाही, अख्खा कायदाच गेला.

यावर टीका झाली आणि ती रास्त आहे. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने २०२१ मध्ये अल्पसंख्याक शाळांवर अहवाल काढला, त्यात असं होतं की ख्रिस्ती शाळांमधली साधारण ७४ टक्के मुलं ख्रिस्ती नाहीतच, आणि सगळ्या अल्पसंख्याक शाळा धरल्या तर आर्थिक-सामाजिकदृष्ट्या दुर्बल घरातली मुलं ८.७६ टक्केच. मग प्रश्न येतो की आपल्या समाजाच्या मुलांसाठी म्हणून दिलेली सूट वापरतंय कोण? दुसरी बाजूपण ऐका. सोलापुरातल्या मराठी माध्यमाच्या जुन्या मिशन शाळांमध्ये विडी कामगारांची, यंत्रमाग कामगारांची पोरं आजही बसतात, त्यांना "श्रीमंतांच्या शाळा" म्हणणं म्हणजे ज्याने ती शाळा बघितली नाही त्याने म्हणावं. अहवालातली सरासरी आणि आपल्या शहरातली शाळा यात फरक असतो.

मग टीईटीतून सुटले की अडकले?

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. पहिली ते आठवीला शिकवायचं तर ती पास पाहिजे, आणि ही अट आरटीई कायद्यातूनच आलेली आहे. १ सप्टेंबर २०२५ चा निकाल महाराष्ट्र आणि तमिळनाडूतल्या केसेसमधून आला, आपल्याकडची केस अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्टची. त्यात दोन गोष्टी झाल्या आणि लोक त्या एकत्र कालवतात.

पहिली, साध्या म्हणजे अल्पसंख्याक नसलेल्या शाळांसाठी. नोकरीत असलेल्यांनापण टीईटी लागणार. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी राहिली असतील त्यांना परीक्षेशिवाय निवृत्तीपर्यंत राहता येईल पण प्रमोशन नाही, आणि जास्त राहिली असतील त्यांनी दोन वर्षांत पास व्हायचं नाहीतर घरी, निवृत्तीचे लाभ नियमाप्रमाणे मिळतील.

दुसरी, अल्पसंख्याक शाळांसाठी. निकाल देणारे न्यायाधीश दोन, आणि प्रमातीचा निकाल पाच जणांचा, त्यामुळे दोघांना तो मोडता येत नाही. त्यांनी काय केलं तर प्रमाती बरोबर आहे का याबद्दल स्पष्ट शंका घेतली आणि विषय मोठ्या खंडपीठाकडे न्यावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवला. आणि त्याचा निर्णय होईपर्यंत अल्पसंख्याक शाळांना आरटीईतून, म्हणजे या टीईटीतूनही, बाहेर ठेवलं.

म्हणून "सुटले" म्हणणारेपण चुकतात आणि "अडकले" म्हणणारेपण. तारीख पुढे गेलीय एवढंच. मी मॅनेजर असतो तर पन्नाशीच्या आतल्या प्रत्येक शिक्षकाला आत्ताच फॉर्म भरायला लावला असता, फी संस्थेने भरावी आणि शनिवारी दुपारी ज्यांना गणिताची भीती वाटते त्यांना शाळेतल्याच गणिताच्या सरांनी शिकवावं. पेपर १५० मार्कांचा, पास व्हायला ६० टक्के म्हणजे ९०, मागास प्रवर्गाला ५५ टक्के. उद्या मोठ्या खंडपीठाने उलट निकाल दिला तर घाईत पळापळ करण्यापेक्षा हे बरं, आणि नाही दिला तरी शिक्षक चार पुस्तकं वाचेल, त्यात कुणाचं काय गेलं.

सगळ्यात मोठी डोकेदुखी: संच मान्यता

कोर्टाच्या निकालांची चर्चा जास्त होते पण मुख्याध्यापकांची झोप उडवते ती संच मान्यता. पटावर मुलं किती, त्यावरून सरकार त्या शाळेत किती शिक्षकांची पदं मंजूर करतं, त्याला संच मान्यता म्हणतात. पद मंजूर असेल तरच पगार. आरटीईचा साधा हिशोब असा की पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार. म्हणजे ६१ वं मूल हे नुसतं मूल नसतं, एक आख्खी नोकरी असते. १५ मार्च २०२४ ला शासनाने संच मान्यतेचे निकष बदलले, त्यात कमी पटाच्या शाळांमधली पदं जायची वेळ आली आणि राज्यभर ओरड झाली.

३० सप्टेंबरचा पट धरतात, आणि मुलाचं आधार यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर, जुळलेलं पाहिजे. इथे सोलापूरचं खास दुखणं येतं. तेलुगू घरातलं आडनाव शाळेच्या जनरल रजिस्टरला मराठीत एका प्रकारे, आधारवर इंग्रजीत दुसऱ्या प्रकारे, एक टी की दोन टी, शेवटी यू की नुसतंच. मुलीचं नाव घरी एक, दाखल्यावर एक. क्लार्क बिचारा सप्टेंबर अख्खा पोर्टलसमोर बसून असतो, साईट चालते रात्री अकरानंतर, आईला फोन केला तर ती विडी कारखान्यात पाने मोजून द्यायला गेलेली आणि बापाचं नाव आधारवर अर्धवट. पोरगं वर्गात पहिल्या बाकावर बसून पाढे म्हणतंय, डब्याला भात खातंय, पण पोर्टलवर ते नाही. अशी चार पोरं निघाली की ६२ चा पट ५८ आणि तिसरा शिक्षक "अतिरिक्त".

अतिरिक्त झाला म्हणजे काढून टाकत नाहीत, दुसऱ्या शाळेत जिथे जागा आहे तिथे समायोजन करतात. आणि अल्पसंख्याक शाळेत जागा रिकामी असेल तर बाहेरचा अतिरिक्त शिक्षक इथे पाठवायचा का, यावर संस्था म्हणतात नेमणूक आमचा हक्क, शिक्षण खात्याचं ऑफिस म्हणतं पगार आमचा. परत तोच फोरमन. २०२५ मध्ये नागपूरकडचा शालार्थ आयडीचा (सरकारी पगार प्रणालीतल्या शिक्षकाच्या नंबराचा) घोटाळा बाहेर आल्यापासून तर प्रत्येक मान्यतेच्या फाईलकडे संशयाने बघतात, खरी फाईलपण पुण्याला उपसंचालक ऑफिसात दोन चकरा जास्त मारते.

"पण तिथे धर्म शिकवतात ना?"

हा प्रश्न येतोच, म्हणून सरळ उत्तर. घटनेच्या कलम २८ प्रमाणे, सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या कुठल्याही शाळेत मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसायची सक्ती करता येत नाही, मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. म्हणजे शाळा धार्मिक तास ठेवू शकते, बसवू शकत नाही. बहुतेक शाळांमध्ये ख्रिस्ती मुलांना बायबलचा तास आणि बाकीच्यांना त्याच वेळी मूल्यशिक्षण असतं. संमती मात्र तोंडी गृहीत धरलेली असते, ॲडमिशन फॉर्मवर एक ओळ टाकून सही घ्यायला काय हरकत आहे? उद्या कुणी गेटवर येऊन आरडाओरड केली तर तो कागद दहा भाषणांपेक्षा जास्त कामाला येतो.

"परदेशातून पैसा येतो" हा दुसरा समज. एके काळी यायचा, मिशनरी होते तेव्हा. आता परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए नोंदणी पाहिजे, २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम फक्त दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरते, एका संस्थेने घेतलेली दुसरीला देता येत नाही आणि ऑफिस खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा. जुन्या शाळेचं गळकं छत बघितलं की कुठला पैसा येतो ते कळतंच.

सुधारणा होतायत की नुसत्या मिटिंगा?

होतायत, पण सारख्या नाही. मराठी शाळांनी सेमी इंग्लिश सुरू करून पट सावरायचा प्रयत्न केलाय. ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या घटनेनंतर सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी, तक्रारपेटी या गोष्टी सगळ्याच शाळांमध्ये आल्या, आणि इथे अल्पसंख्याक वगैरे काही सूट नाही, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा सगळ्यांना सारखाच. माझ्या मते याच विषयाला मिटिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ मिळायला पाहिजे आणि सगळ्यात कमी मिळतो, "कॅमेरे बसवले" म्हणून पुढे जातात. कॅमेऱ्याचं फुटेज कोण बघतो, तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे, ती ज्याच्याविरुद्ध तक्रार होऊ शकते त्याच्याच ड्रॉवरमध्ये आहे का, हे कोण विचारणार?

आणि एक अडचण अशी आहे की तिचं खापर सरकारवर फोडता येत नाही. जागेची. जुन्या मिशनच्या जागा शहराच्या मध्यावर, भाव गगनाला. ट्रस्टवर दोन गट, दोघांचे फेरफार अहवाल, म्हणजे ट्रस्टी बदलल्याच्या नोंदीचे अर्ज, धर्मादाय कार्यालयात पेंडिंग, दोघंही म्हणतात खरे ट्रस्टी आम्हीच. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची मिळकत विकायला किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, म्हणून मैदान विकलं जाण्यापासून थोडंफार वाचतं. पण याच भांडणात शाळेच्या संडासाच्या दुरुस्तीच्या चेकवर सही कुणी करायची हेपण ठरत नाही. कलम ३० सरकारला लांब ठेवू शकतं, आपल्याच दोन गटांना नाही.

मोठ्या खंडपीठाने प्रमाती उलटवला तर?

सगळंच बदलणार नाही. अनुदानित शाळांमध्ये पालकांची शाळा व्यवस्थापन समिती येईल, पण २०१२ च्या दुरुस्तीमुळे अल्पसंख्याक शाळेत ती सल्ला देण्यापुरतीच आहे, कारभार हातात घेत नाही. खरा धक्का बसेल तो विनाअनुदानित इंग्लिश मीडियमला, कारण २५ टक्के जागा ऑनलाइन सोडतीने भरायच्या आणि त्यांचे पैसे सरकारकडून येईपर्यंत थांबायचं, आणि ती थकबाकी किती रखडते हे आत्ता आरटीईखाली असलेल्या कुठल्याही शाळेच्या अकाउंटंटला विचारा. छोट्या मुलांची आणि आईबापांची मुलाखत बंद होईल, जी खरं तर आजच बंद करायला कुणी अडवलेलं नाही. कदाचित कोर्ट मधला मार्गपण काढेल, त्या २५ टक्क्यांत शाळेने आपल्याच समाजातली गरीब मुलं घ्यावीत असा, आणि २०२५ च्या निकालात त्या दिशेने विचार मांडलेलाही आहे. सोलापुरात चर्चच्या मागच्या चाळींमध्ये ज्यांची पोरं आपल्याच कंपाउंडमधल्या इंग्लिश मीडियमची फी परवडत नाही म्हणून पलीकडे मराठी शाळेत जातात, त्यांची यादी पास्टरकडे असतेच. निकालाची वाट न बघता त्या यादीतली किती नावं येत्या जूनमध्ये घ्यायची, हा विषय पुढच्या मिटिंगला पहिल्या नंबरवर घ्यायला काहीच हरकत नाही.